वाचकांचे प्रश्न : दुर्बीण माउंटवर पक्की कशी बसवावी?

प्रश्न : आमच्या गावच्या शाळेला १३० मिलिमीटर आरशाची आणि ६५० मिलिमीटर नाभीय अंतराची जुनी परावर्ती दुर्बीण मिळाली आहे. इक्वेटोरियल माउंट (पृथ्वीच्या आसाला समांतर आसाभोवती दुर्बीण फिरवणारा आधार) व त्यावरची डोव्हटेल पट्टी (कडी माउंटला जोडणारी तिरप्या कडांची पट्टी) शाबूत आहे, परंतु नळी धरणारी दोन्ही कडी हरवली आहेत. सध्या पाइपाला लावतात त्या स्टीलच्या क्लिपांनी नळी बांधली आहे. मात्र दृश्य थरथरते आणि नळी उभी केली की हळूहळू खाली घसरते. पाचशे रुपयांच्या आत काम होईल काय? वेल्डिंग करून टाकावे काय?
– एक शिक्षक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : वेल्डिंग मुळीच करू नये. नळीचा पत्रा इतका पातळ असतो की तो जळेल किंवा वाकेल. शिवाय या प्रकारच्या माउंटवर दुर्बीण आकाशाच्या दुसऱ्या बाजूला वळवली की नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) भलत्याच ठिकाणी जाते, आणि मुलांना सहज डोळा लावता यावा म्हणून नळी कड्यांतच थोडी फिरवावी लागते. वेल्डिंग केल्यावर ती सोय कायमची जाईल.

क्लिपांचा दोष असा की त्यांची पट्टी अगदी अरुंद असते. आवळली तर पत्र्याला पोचा पडतो, सैल ठेवली तर नळी घसरते. यावर लाकडी कडी हा उत्तम उपाय असून वखर-डवऱ्याचे काम करणारा गावचा सुतार ती अर्ध्या दिवसात करून देईल. आपल्याकडे सागवान सहज हाती लागते म्हणून त्याचीच फळी घेण्याचा मोह होईल, पण एकसंध फळीत मोठे भोक पाडले की दोन बाजूंना लाकडाच्या रेषा आडव्या येतात आणि कडे नेमके तेथेच चिरते. त्यापेक्षा १९ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे उरलेसुरले तुकडे मागून आणावेत व एकेका कड्यासाठी दोन-दोन चौकोनी तुकडे फेव्हिकॉलने एकावर एक चिकटवावेत.

नळीचा घेर दोऱ्याने मोजून ३.१४ ने भागावा. समजा घेर ५२० मिलिमीटर भरला, तर व्यास साधारण १६६ येतो. आत ३ मिलिमीटर जाडीचा नमदा बसवायचा असल्याने भोक १७२ मिलिमीटरचे ठेवावे. भोक पाडून झाल्यावरच चौकोन मधोमध करवतीने कापावा, म्हणजे करवतीने खाल्लेली दोन-तीन मिलिमीटरची फट आवळण्यासाठी उपयोगी पडते. दोन्ही अर्धुकांना एका बाजूस बिजागरी आणि दुसऱ्या बाजूस विंगनट असलेला बोल्ट लावावा. नमद्याऐवजी सायकलची जुनी ट्यूब वापरता येते, पण आपल्या मे महिन्याच्या उन्हात रबर रंगाला चिकटते आणि नळी फिरेनाशी होते.

दोन कड्यांमध्ये २०० ते २५० मिलिमीटर अंतर असावे. कडी जवळजवळ लावली की थरथर राहतेच. नेत्रिका व शोधक दुर्बीण (नेम धरण्यासाठी नळीवर लावलेली छोटी दुर्बीण) बसवून नळी बाजेच्या माचव्यावर आडवी ठेवावी, ती ज्या बिंदूवर तोलली जाते तेथे खडूने खूण करावी आणि ती खूण दोन कड्यांच्या बरोबर मध्ये येईल अशी मांडणी करावी. कडी पट्टीला जोडताना बोल्ट खालून घालावेत. वरचा नट व रुंद वॉशर लाकडात इतके खोल बसवावेत की नमद्याखाली झाकले जातील आणि पत्र्याला टेकणार नाहीत. नळीला स्वतःला छिद्र पाडू नये. लोखंडाचा कीस आरशावर पडला आणि तो कोणी रुमालाने पुसला, तर आरसा गेलाच म्हणून समजावे.

मुलांच्या हातात दुर्बीण द्यायची असल्याने दोन अडसर अवश्य ठेवावेत. वरच्या कड्याच्या लगेच वर नळीभोवती इलेक्ट्रिकच्या टेपचे दहा-बारा वेढे द्यावेत, म्हणजे कडे सैल झाले तरी नळी त्यातून सुटणार नाही. तसेच डोव्हटेल पट्टीच्या वरच्या टोकाला, खालच्या अंगाने, एक लहान बोल्ट बाहेर डोकावेल असा बसवावा. माउंटचा पकडस्क्रू कोणी चुकून ढिला केला आणि पट्टी घसरू लागली, तर ती त्या बोल्टावर अडेल.

काम झाले की १० मिलिमीटरच्या नेत्रिकेतून, म्हणजे ६५ पट मोठे करून, एखादा तारा पाहावा आणि नळीला बोटाने हलकी टिचकी मारावी. दोन-तीन सेकंदांत तारा स्थिरावला तर ठीक. पाच सेकंदांहून अधिक डुलत राहिला तर कड्यांना दोष देण्यापूर्वी तिवईच्या पायांचे बोल्ट तपासावेत, कारण पुष्कळदा ढिलाई तेथेच असते.

प्रश्न : माझी लहान दुर्बीण कॅमेऱ्याच्या तिवईवर लावतो. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला बोल्ट दोन फेऱ्यांनंतर अडतो. असे का?
– एक विद्यार्थी, वर्धा जिल्हा

उत्तर : दुकानदाराने आपल्याला ६ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट दिलेला दिसतो. कॅमेऱ्याच्या तिवईच्या बोल्टचे माप पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर असून त्याचे आटे इंचाला २० असतात. मेट्रिक बोल्टचे आटे १ मिलिमीटर अंतरावर असल्याने ते लगेच तिरपे अडकतात आणि जोर लावला की दुर्बिणीच्या बुडातले मऊ अॅल्युमिनियमचे आटे झडतात. दुकानात "दोन सूत, इंचाला वीस आटे" असे सांगूनच बोल्ट मागावा, आणि तो हाताने सात-आठ फेऱ्या बिनत्रास फिरतो की नाही हे दुर्बीण सोबत नेऊन तेथेच पाहावे.