वाचकांचे प्रश्न : पुड्यावरचे दावे आणि मुलांचा आहार

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच काळजीतून लिहिलेली आहेत. तिन्ही घरे मराठवाड्यातली आहेत आणि आपल्या मुलांना नेमके काय खायला द्यावे याबद्दल तिन्ही घरांत परस्परविरोधी सल्ल्यांमुळे संभ्रम निर्माण झाला आहे. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देत आहे, कारण त्यातला प्रश्न मला आठवड्यातून किमान दोनदा तरी विचारला जातो.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा असून दुसरीत आहे. अंगाने किडकिडीत आहे. त्याची उंची वाढावी म्हणून यजमानांनी चॉकलेटच्या स्वादाची माल्ट पावडर सुरू केली आहे आणि तो ती दिवसातून दोन वेळा दुधातून घेतो. डब्यात मी मैद्याची नको म्हणून मल्टिग्रेन बिस्किटे देते. सासूबाई म्हणतात, भाकरी आणि वरण खाऊ घाल, बाकी काही लागत नाही. शाळेच्या पालकांच्या गटावर मात्र रोज नवे काहीतरी येते. कोणी म्हणते दूध विषासारखे आहे, कोणी म्हणते गव्हातले ग्लुटेन वाईट आहे, कोणी गूळ घातलेली बिस्किटे सुचवते. मी कोणाचे ऐकू?
— एक आई, औसा (जि. लातूर)

उत्तर : ताई, सर्वप्रथम मुलाच्या किडकिडीतपणाचा विचार करू, कारण पुढची सगळी खरेदी त्याच काळजीतून होत आहे. मूल बारीक दिसते की जाड दिसते यावरून त्याचे पोषण ठरवता येत नाही. वयाप्रमाणे उंची आणि वजन यांच्या तक्त्यावर ते कुठे आहे आणि आपली रेघ सोडून खाली घसरत आहे का, हे पाहावे लागते. पाच वर्षांनंतर वयात येईपर्यंत मुलाची उंची वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढते. दाराच्या चौकटीशी त्याला अनवाणी उभे करून दर सहा महिन्यांनी खूण करावी आणि तारीख लिहून ठेवावी. एका वर्षात ४ सेंटीमीटरही वाढ झाली नाही, वजन कमी होत गेले किंवा मूल सतत थकलेले दिसू लागले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. रेघ सरळ चालली असेल आणि मूल खेळत असेल, तर आई-वडीलही बारीक चणीचे आहेत का हे पाहून मनावरचे ओझे खाली ठेवावे.

आता पावडरीबद्दल. डब्याच्या पुढच्या बाजूला उंच, हसरा मुलगा आणि जीवनसत्त्वांची यादी असते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पोषणाचा तक्ता असतो आणि आपल्याला हवी ती माहिती तिथे आहे. त्यात ‘अतिरिक्त साखर’ ही ओळ शोधावी. समजा, १०० ग्रॅम पावडरीत ३७ ग्रॅम अतिरिक्त साखर लिहिलेली आहे आणि एका वेळी २० ग्रॅम पावडर घ्यायला सांगितले आहे. म्हणजे एका कपात सुमारे साडेसात ग्रॅम साखर गेली, दोन कपांत पंधरा. बहुतेक घरांत गोड लागावे म्हणून वरून एकेक चमचा साखर घातली जाते, ती धरली तर बेरीज पंचवीस ग्रॅमपर्यंत पोहोचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार अशा साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ती ५ टक्क्यांच्या आत ठेवता आली तर अधिक चांगले. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,७०० किलोकॅलरी लागतात. त्याचे ५ टक्के म्हणजे सुमारे २१ ग्रॅम साखर होते. हा आकडा आपल्या मुलाने एकही बिस्कीट खाण्याआधी, केवळ दोन कप दुधातच ओलांडलेला असतो.

त्याच तक्त्यात एक टक्केवारीचा रकाना असतो आणि तो वाचताना पालकांची हमखास फसगत होते. ही टक्केवारी दिवसाला २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसाच्या हिशेबाने काढलेली असते आणि त्यात अतिरिक्त साखरेची मर्यादा ५० ग्रॅम धरलेली असते. म्हणून साडेसात ग्रॅमसमोर ‘१५ टक्के’ असा निरुपद्रवी वाटणारा आकडा दिसतो. सात वर्षांच्या मुलासाठी वरचा २१ ग्रॅमचा हिशेब धरला, तर तोच वाटा एक तृतीयांशाहून अधिक होतो.

‘हेल्थ ड्रिंक’ या शब्दाबाबत एक गोष्ट सर्व पालकांना माहीत असायला हवी. आपल्या देशाच्या २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अशा पेयाची कोणतीही व्याख्याच नाही, आणि म्हणूनच अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना दुधावर, धान्यावर किंवा माल्टवर आधारित पेये या नावाखाली विकू नयेत असे सांगितले. त्याच वर्षी जून महिन्यात, घट्ट केलेल्या रसात पाणी मिसळून पुन्हा तयार केलेल्या फळांच्या रसावर ‘शंभर टक्के रस’ असे छापू नये, असाही आदेश निघाला. जालन्याची मोसंबी हंगामात आपल्या बाजारात ढिगाने येते. ती सोलून फोडी खाल्ल्या तर चोथ्यासकट पोटात जाते आणि एका मोसंबीत मूल समाधानी होते. रसाच्या खोक्याने तसे होत नाही.

पावडर एकदम बंद केली तर मूल दूधच सोडेल अशी भीती अनेक आयांना वाटते आणि ती खोटी नाही. महिनाभरात चमचा हळूहळू अर्ध्यावर, मग पावावर आणावा, वरची साखर आधी बंद करावी. दूध विष मुळीच नाही. पेलाभर दुधातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने आणि चांगले कॅल्शियम मिळते. मात्र दुधात लोह नगण्य असते आणि जे मूल दुधानेच पोट भरते ते भाकरी-भाजी टाळते, म्हणून दिवसाला एक ते दोन पेले पुरेत. दूध पचत नसेल तर दही किंवा ताक द्यावे.

मल्टिग्रेन बिस्किटांचा पुडा हातात घेऊन घटकांची यादी वाचा. नियमाप्रमाणे जो घटक वजनाने सर्वांत जास्त असतो तो यादीत पहिला येतो. पहिल्या तीन नावांत मैदा किंवा गव्हाचे पीठ, साखर आणि पाम तेल असेल आणि ज्वारी, नाचणी, ओट्स ही नावे शेवटी एक-दोन टक्क्यांसह असतील, तर ते बिस्कीट त्या पहिल्या तीन घटकांचेच आहे असे समजावे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून ज्वारी-बाजरीचे नाव नूडल्सपासून चिप्सपर्यंत सगळीकडे दिसू लागले आहे. त्यांनाही हीच कसोटी लावावी. गुळाच्या बिस्किटांबाबत मला स्पष्टच लिहावेसे वाटते. गूळ ही मुख्यतः साखरच आहे, त्यातून मिळणारे लोह आपण खातो तेवढ्या प्रमाणात फार थोडे असते. घरच्या शेंगदाण्याच्या लाडवातला गूळही मोजावाच लागतो. फरक एवढाच की त्या लाडवात शेंगदाणेही भरपूर असतात. ‘साखर घातलेली नाही’ असे लिहिले असेल तरी खजुराचा पाक, फळांच्या रसाचा अर्क किंवा माल्टोडेक्स्ट्रिन ही नावे यादीत शोधावीत. खाद्यतेलावरचे ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हे शब्द खरे आहेत, परंतु ते कोणत्याही वनस्पतिजन्य तेलाला लागू पडतात, त्यामुळे त्यासाठी जास्त पैसे देण्याचे कारण नाही.

ग्लुटेन सिलिअ‍ॅक रोग, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा विकार, असलेल्यांना घातक असते. मुलाला वारंवार जुलाब होत असतील, पोट फुगत असेल, वाढ खुंटली असेल, तर गहू बंद करण्याआधी रक्ततपासणी करून घ्यावी, कारण आधीच गहू सोडला तर तपासणीत रोग सापडत नाही. असा त्रास नसलेल्या मुलाची पोळी बंद करून काहीही साधत नाही.

आपल्या सासूबाईंचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे आणि मी त्यात थोडी भर घालीन. ज्वारीत सुमारे १० टक्के प्रथिने असतात, पण त्यांत लायसिन हा घटक कमी पडतो. तूर, हरभरा, मटकी यांत तो भरपूर असतो. भाकरीबरोबर वरण किंवा उसळ आली की ही उणीव भरून निघते. येळवसेच्या (वेळ अमावास्येच्या) दिवशी शेतात भाकरीबरोबर जी भज्जी वाढली जाते, तिच्यात डाळी, ओले दाणे आणि पालेभाज्या एकत्र असतात; तेच रोजच्या ताटात थोड्या प्रमाणात आले म्हणजे झाले. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे ‘परभणी शक्ती’ नावाचे ज्वारीचे वाण २०१८ मध्ये आले असून त्यात लोह आणि जस्त अधिक आहे. घरची शेती असेल तर त्याची चौकशी करायला हरकत नाही. मात्र केवळ भाकरी-वरण पुरत नाही. पालेभाजी, फळ आणि शक्य असल्यास अंडे हवे. धान्य-डाळींतले लोह अंगी लागण्यासाठी वरणावर लिंबू पिळावे, आणि सकाळी मुलांना चहात बुडवून पोळी किंवा बटर देण्याची आपल्याकडची सवय मोडावी, कारण चहामुळे लोह कमी शोषले जाते.

डब्यासाठी मेथी किंवा तांदुळजा घालून केलेले ज्वारी-बेसनाचे धपाटे आणि दही, मोड आलेल्या मटकीची उसळ आणि पोळी, शेंगाची चटणी लावून गुंडाळलेली भाकरी, भरपूर शेंगदाणे घातलेला चुरमुऱ्यांचा सुशीला, उकडलेले अंडे असे पदार्थ आलटून पालटून देता येतील. मधल्या सुट्टीत खाण्यासाठी अर्धापूरची केळी, हिवाळ्यात पेरू, बोरे आणि सीताफळ. आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये पालेभाजी महागते आणि मिळतही नाही, हे मला ठाऊक आहे. त्या दिवसांत कडधान्यांना मोड आणणे, शेवग्याचा पाला वाळवून पिठात मिसळणे आणि जवसाची किंवा कारळाची चटणी रोज वाढणे हे करता येते. बिस्किटे घरात अजिबात नकोत असे मी म्हणत नाही. आठवड्यातून एखाद्या दिवशी, खाऊ म्हणून द्यावीत, पोषण म्हणून नव्हे.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची असून कबड्डी खेळते. सरावाला येणाऱ्या मोठ्या मुली प्रथिनांची पावडर घेतात, म्हणून तीही मागते. डबा फार महाग आहे, पण मुलगी मागे पडू नये असे वाटते. घ्यावा का?
— एक वडील, माजलगाव (जि. बीड)

उत्तर : घेऊ नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात अंग कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात असेच सांगितले आहे. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीसाठी दिवसाला सुमारे ४३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. ज्वारीच्या दोन मोठ्या भाकऱ्यांतून १३ ग्रॅम, ५० ग्रॅम कच्च्या डाळीच्या वरणातून ११, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७, एक पेला दुधातून ६ आणि एका अंड्यातून ६ ग्रॅम धरले तरी बेरीज ४३ होते. अंडे खात नसाल तर मटकीची वाटीभर उसळ वाढवावी. सरावाच्या दिवशी आणखी एक भाकरी आणि वाटीभर वरण द्यावे, तेवढे पुरते.

डब्याचे पैसे वाचवून आधी तिच्या रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्या. खेळताना दम लागणे आणि लवकर थकणे यांमागे या वयाच्या मुलींमध्ये बहुधा प्रथिनांची नव्हे, तर लोहाची कमतरता असते. बारा ते चौदा वर्षांच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजतात. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी ती खरोखर घेते का, की दप्तरात तशीच राहते, हे प्रेमाने विचारावे. ती उपाशीपोटी घेतल्याने मळमळते, म्हणून जेवणानंतर घ्यायला सांगावी. वर्षातून दोनदा मिळणारी जंतनाशक गोळीही चुकवू नये.

प्रश्न : नात आठ महिन्यांची आहे. सूनबाई दुकानातले डब्यातले खाद्य देते, मी नाचणीची पेज देते. मध चाटवावा असे माझे मत आहे, सून नको म्हणते. बरोबर कोण?
— एक आजी, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : मधाच्या बाबतीत आपल्या सूनबाई पूर्णपणे बरोबर आहेत. वर्षाच्या आतील बाळाला मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून बोटाला लावून चाटवणेही टाळावे. नाचणीच्या बाबतीत आपण बरोबर आहात. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. फक्त पेज पातळ न ठेवता चमच्यावरून सहज ओघळणार नाही इतकी दाट करावी आणि त्यात तूप किंवा शेंगदाण्याचे बारीक वाटण घालावे, कारण बाळाचे पोट लहान असते आणि पातळ पेजेने ते भरते पण शक्ती मिळत नाही. अख्खा शेंगदाणा घशात अडकतो, तो या वयात कधीही देऊ नये.

डब्यातले खाद्य प्रवासात कधी दिले तर बिघडत नाही, मात्र घटकांच्या यादीत साखर आहे का ते पाहून. दोन वर्षांच्या आत वरून साखर नकोच. या वयाच्या बाळांच्या अन्नाची जाहिरात करण्यास आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. १९९२ चा कायदा २००३ मध्ये दुरुस्त करून ती दोन वर्षांपर्यंत लागू केली, ती बाळाचे अंगावरचे दूध सुटू नये म्हणूनच. सूनबाईंना दूध येत असेल तर ते दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालू राहू द्यावे, आणि त्यासोबत मऊ मुगाची खिचडी, कुस्करलेले केळे, वरणातला भाकरीचा काला आणि चालत असल्यास अंड्याचा बलक असे दिवसातून दोन ते तीन वेळा द्यावे.