नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर सिम्युलेटरमध्ये टेकडी दिसते. फ्लॅटन केले, म्हणजे त्या भागाला एकच उंची देऊन सपाट केले, की पुरे होईल का, आणि त्यासाठी कोणते साधन वापरावे?

पुरे होणार नाही. हाच सल्ला देणाऱ्यांशी मी पूर्वी बराच वाद घातलेला असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आपण एसआरटीएमच्या (अंतराळातून रडारने केलेल्या भूमापनाच्या) उंचीमापांवरून एक्स-प्लेन या संगणकावरील उड्डाण-सिम्युलेटरसाठी मेश, म्हणजे जमिनीचा त्रिमितीय पृष्ठभाग, तयार केल्याचे प्रश्नात लिहिले आहे. ती मापे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातील रडारने घेतली आणि तेव्हा उलव्याची टेकडी सुमारे ९० मीटर उंच, जागच्या जागी होती. पुढे कित्येक वर्षांनी सुरुंग लावून ती उतरवली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, खाजणात भराव पडला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. आपल्या फाइलमध्ये मात्र अजून जुनीच जमीन आहे.

मी पनवेलचा असल्यामुळे बेलापूर ते खांदेश्वर या लोकलच्या प्रवासात ती टेकडी झिजत गेलेली पाहिली आहे, आणि म्हणूनच ही सीनरी (सिम्युलेटरमधील परिसराची प्रतिकृती) नीट व्हावी असे मला मनापासून वाटत होते. आमच्या सिम्युलेटर-मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी माझ्या आधी त्यांची आवृत्ती सर्वांना दिली. त्यांनी विमानतळाभोवती एक बहुभुज आखला, त्याला एकच उंची दिली आणि काम संपल्याचे जाहीर केले. धावपट्टी सपाट झाली खरी, पण बहुभुजाच्या बाहेर उरलेला टेकडीचा भाग भिंतीसारखा उभा राहिला आणि खाडीच्या बाजूला भरावाचा काठ एखाद्या ओट्यासारखा सरळ तुटला. स्वयंचलित लँडिंगमध्ये विमान रेडिओ अल्टिमीटरच्या आकड्यावरून फ्लेअर घेते, म्हणजे टेकण्याआधी नाक वर उचलते, आणि ते यंत्र फक्त पोटाखालची जमीन मोजते. त्या काठावरून येताना आकडा एकदम खाली कोसळायचा आणि फ्लेअरचा क्षण चुकायचा. मी हे दाखवले तेव्हा, धावपट्टी सपाटच असते, एवढा खटाटोप कशाला, असे उत्तर मिळाले.

धावपट्टी सपाटच असते हे विधान चूक आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांप्रमाणे मोठ्या धावपट्टीच्या सर्वोच्च आणि सर्वांत खालच्या बिंदूंतील फरक लांबीच्या एक टक्क्यापर्यंत चालतो. नवी मुंबईच्या ३,७०० मीटर लांबीला तो ३७ मीटर भरतो. प्रत्यक्षात तिथे इतका फरक नाही, पण शून्यही गृहीत धरू नये. नेपाळमधील लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटरांची आणि उतार ११.७ टक्के, म्हणजे दोन टोकांच्या उंचीत सुमारे ६० मीटरांचा फरक. तिथे फ्लॅटन लावले तर डोंगरच कापला जाईल. यावर लुक्ला हा अपवाद आहे असे मला ऐकवण्यात आले. अपवाद असेल, पण जी पद्धत तिथे कोसळते ती इथेही फक्त जमीन बरीचशी सपाट असल्यामुळे तरून जाते.

मी उंचीची फाइल क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रणालीत उघडून आधी दशांश स्वरूपात आणली. हे पाऊल लोक हटकून गाळतात. एसआरटीएमची मापे पूर्ण मीटरांत असतात, त्यामुळे हलका उतारसुद्धा पायऱ्या होऊन येतो. बराच वेळ जमीन सपाट राहते आणि मग ३० मीटरांच्या एका चौकटीत एकदम एक मीटर चढते, म्हणजे तेवढ्या जागेपुरता उतार तीन टक्क्यांच्या वर जातो आणि विमान उडी मारते. त्यानंतर टेकडीच्या चौकटींतील जुनी मापे काढून टाकली, धावपट्टीच्या दोन्ही टोकांची अधिकृत उंची घेऊन मधला पृष्ठभाग तिरपा भरला आणि सीमेपासून बाहेर काहीशे मीटर उतार हळूहळू मूळ जमिनीत मिसळवला. उत्तरेकडची १९ अंशांची अक्षांशरेषा विमानतळाला अगदी लगटून जाते, त्यामुळे मिसळवण्याचा पट्टा शेजारच्या टाइलमध्येही (एकेका अंशाच्या चौकोनी तुकड्याला टाइल म्हणतात) शिरतो. दोन्ही टाइलींची सामाईक ओळ तंतोतंत जुळली पाहिजे, नाहीतर जमिनीला फट पडते.

साधनाचे म्हणाल तर ऑर्थो-फोर-एक्सपी या मेश तयार करणाऱ्या साधनाला स्वतःची उंचीची फाइल देता येते, तेवढे पुरते. मात्र विमानतळाच्या फाइलमधील फ्लॅटनची खूण काढून टाका, अन्यथा सिम्युलेटर आपली सगळी मेहनत पुसून टाकील. गुळगुळीत करण्याचा फिल्टर संपूर्ण टाइलवर फिरवू नका, कारण त्याने प्रबळगडाचे कडे बोथट होतात. शिवाय एसआरटीएमऐवजी दुसरी फाइल घेतलीत तर तिची उंची समुद्रसपाटीपासून आहे की पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, हे आधी तपासा. मुंबई परिसरात या दोहोंत ६० मीटरांहून अधिक फरक आहे, आणि दुसऱ्या प्रकारची फाइल अधिकृत उंचीच्या धावपट्टीशी जोडली तर विमानतळ त्या फरकाइतका हवेत राहील.