सीजीएचएस कार्ड की महिना हजार रुपये?

ताई, निवृत्तीनंतर गावी राहणार की पुण्यात मुलाकडे, हे आधी नक्की करा. बाकी सगळं त्यावरच ठरतं. केंद्राच्या पेन्शनरांसाठी सीजीएचएसचे, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे, दवाखाने मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांतच आहेत. तिथे राहणार असाल तर डोळे मिटून कार्ड काढा. तुमची पगाराची लेव्हल सात, म्हणजे वर्गणी महिना ६५० रुपये. १२० महिन्यांचे ७८,००० एकदम भरले की कार्ड आयुष्यभराचं. रक्कम ऐकून मीही दचकलो होतो, पण दरवर्षी नूतनीकरणाची कटकट वाचली.

गावी राहिलात तर मात्र बीपीच्या गोळ्यांसाठी एसटीने पुणं गाठायचं, औषध 'उद्या या' म्हणाले की पुन्हा तेच. पहिलं वर्ष मी हेच केलं! सीजीएचएस क्षेत्राबाहेर राहणाऱ्यांना बाह्यरुग्ण उपचारांसाठी महिना १००० रुपये भत्ता मिळतो, आणि वर्गणी भरून फक्त ॲडमिट होण्यापुरतं कार्डही ठेवता येतं. माझ्या मते गावाकडच्यांना हेच बरं. पत्ता मात्र खराच द्या. आणि पीपीओच्या, म्हणजे पेन्शनच्या आदेशाच्या, चार-पाच झेरॉक्स आत्ताच काढून ठेवा.