घरगुती बँडच्या स्वतःच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणासाठी कोणता मायक्रोफोन आणि इंटरफेस घ्यावा?

मायक्रोफोनचा प्रश्न आपण फार लवकर विचारला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण लिहिता की सगळ्या चाली गिटारवर पक्क्या झाल्या आहेत, फक्त गाणाऱ्या ताईंचा आवाज मुखड्यात ‘बसत नाही’, म्हणून त्याला उठाव देणारा मायक्रोफोन आपल्याला हवा आहे. असा मायक्रोफोन कोणीही बनवत नाही. जो स्वर गळ्यातून मोकळा निघतच नाही, तो यंत्राने मोठा केला तरी दुबळाच राहतो, आणि त्याचा दोष मात्र गाणाऱ्याच्या माथी मारला जातो. हे मी आमच्या घरात जवळून पाहिले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही डोंबिवलीत राहतो आणि आमचा बँड म्हणजे आमचे कुटुंबच आहे. दादा गिटार वाजवतो, वहिनी गातात, पुतण्या कहोनवर, म्हणजे बसून हातांनी वाजवायच्या लाकडी खोक्यावर, ठेका धरतो आणि मी पेटीवर असतो. शब्द बहुतेक माझे असतात, चाली दादाच्या. पहाटे नळाला पाणी येण्याची वाट पाहत बसलेल्या बाईवर मी एक गीत लिहिले होते आणि दादाने त्याला दादऱ्यात फार सुरेख चाल लावली, पण ती बांधली ई कॉर्डवर, म्हणजे पांढरी तीनमध्ये (पेटीच्या सप्तकातली तिसरी पांढरी पट्टी सा मानून). गिटारची सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक अशा दोन्ही तारा ई स्वराच्याच असल्यामुळे तिथे खुल्या तारांचा भरदार नाद मिळतो, हे त्याचे कारण होते आणि गिटारवादक म्हणून ते खोटे नव्हते. मुखडा मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ‘प’पर्यंत, उतरत होता आणि अंतरा तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, जाऊन भिडत होता. वहिनींची पट्टी, म्हणजे त्यांच्या गळ्याला सोयीचा ‘सा’, काळी चार, पांढरी तीनच्या चार अर्धस्वर वर. त्यामुळे पांढरी तीनमध्ये मुखड्याचे शेवटचे शब्द नुसत्या श्वासासारखे निघत, आणि तेच गाणे वरच्या सप्तकात घेतले की अंतरा ओरडल्यासारखा होई.

दादाचे म्हणणे एकच होते: रियाज वाढवा. वहिनींनी तो निमूटपणे वाढवला, रोज पहाटे खर्ज, म्हणजे सर्वांत खालचे स्वर, लावला. खर्जाच्या साधनेने आवाजाला वजन येते, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु एका गाण्यापुरता गळ्याचा पल्ला चार अर्धस्वरांनी खाली ओढून नेता येत नाही, आणि तो नेता येत नाही म्हणून एखाद्या चांगल्या गायिकेने स्वतःलाच कमी लेखावे, हे मला तेव्हाही सहन झाले नाही आणि आजही होत नाही. शेवटी मी पंखा आणि फ्रीज बंद केला, मोबाइल खोलीच्या मध्यभागी स्टुलावर ठेवला आणि तेच गाणे आधी पांढरी तीनमध्ये आणि नंतर चौथ्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरील चौथ्या आडव्या पट्टीपाशी) कापो, म्हणजे सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, लावून काळी चारमध्ये, सर्वांकडून एकत्र वाजवून घेतले. पहिल्या मुद्रणात गिटार उत्तम ऐकू येत होती आणि मुखड्यातला ‘पाणी’ हा शब्दच ऐकू येत नव्हता. दुसऱ्यात गिटारचा नाद थोडा पातळ झाला होता, पण बाई काय म्हणते आहे ते पहिल्यांदा कळत होते. गीत ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचणे ही पहिली गरज आहे, म्हणून पट्टी गळ्याची असावी आणि वाद्यांनी तिच्यामागे जावे. आपल्या बँडमध्येही हाच प्रयोग आधी करावा. त्याला एक पैसाही लागत नाही.

त्याच मुद्रणातून लयही ठरते. सर्वांत मोकळा वाटलेला प्रयत्न ऐकत मिनिटाला किती मात्रा पडतात ते मोजावे आणि क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी यंत्राची टिकटिक, त्या गतीला लावावी. आधी क्लिक लावून मग गाणे तिच्यात कोंबू नये. पेटी वापरणार असाल तर आणखी एक गोष्ट तपासावी. पुष्कळशा पेट्या 440 हर्ट्झच्या (मधल्या ‘ए’ स्वरासाठी ठरलेल्या) प्रमाणापासून थोड्या सरकलेल्या असतात आणि त्यांचे सूर घरी बदलता येत नाहीत, त्यामुळे गिटार ट्यूनरवर न लावता पेटीवर लावावी आणि कीबोर्ड असेल तर त्याचे ट्यूनिंगही तेवढेच सरकवावे.

आता उपकरणांविषयी. इंटरफेस म्हणजे मायक्रोफोन संगणकाला जोडणारे यंत्र; दोन इनपुटचा आणि 48 व्होल्टची फँटम पॉवर (कंडेन्सर मायक्रोफोनला लागणारी वीज) देणारा कोणताही साधा इंटरफेस पुरतो. खोलीत रस्त्याचा आवाज येत असेल तर गाण्यासाठी अधिक संवेदनशील अशा कंडेन्सरपेक्षा शुअर एसएम 58 सारखा डायनॅमिक मायक्रोफोन बरा, कारण तो आजूबाजूचे कमी टिपतो. ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर म्हणून रीपर 60 दिवस विनामूल्य वापरून पाहता येते. मुद्रण 24 बिटवर करावे आणि सर्वांत मोठा आवाजही सॉफ्टवेअरच्या मापकावर उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. लॅपटॉपचा चार्जर जोडलेला असताना घुमणारा आवाज आला तर चार्जर काढून पाहावा. खिडकीवर आणि गाणाऱ्याच्या पाठीमागे गोधड्या टांगल्या की खोलीचा पोकळ प्रतिध्वनी बराच कमी होतो. पेटीचा मायक्रोफोन भात्याच्या बाजूला ठेवू नये, नाहीतर सुरांपेक्षा भाताच जास्त ऐकू येतो.

मराठी गाताना महाप्राण व्यंजने मायक्रोफोनला फार त्रास देतात. माझ्या गीतात ‘भरून घे गं भांडी सारी’ अशी ओळ होती आणि त्यातल्या दोन्ही ‘भ’ना हवेचा झोत थेट पडद्यावर आदळून ‘भप्’ असा ठोका पडत असे. पॉप फिल्टर, म्हणजे हवेचा झोत अडवणारी जाळी, लावला, मायक्रोफोन ओठांपासून वीतभर दूर आणि किंचित बाजूला वळवला, आणि तो ठोका गेला. दादाने शब्द बदलण्याची सूचना केली होती, ती मी मानली नाही. पाणी आल्याबरोबर भांडी भरून घेणे हाच त्या गीताचा जीव आहे.

हे सर्व आमच्यासारख्या शब्दप्रधान, संथ गाण्यांना लागू आहे. आपले संगीत रॉक वळणाचे असेल आणि गिटारचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा) हाच गाण्याचा गाभा असेल, तर पट्टी ठरवताना गिटारवादकाचेही ऐकावे लागेल. तिथे मंद्रात उतरणाऱ्या ओळींची चाल बदलणे हा अधिक योग्य मार्ग ठरू शकतो. आणि गाणी प्रसिद्ध करण्यापूर्वी गीत, चाल आणि ध्वनिमुद्रण कोणाच्या नावावर राहील हे कागदावर लिहून ठेवावे, कारण 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हे तीन वेगवेगळे हक्क आहेत आणि घरच्या माणसांतही त्यावरून कटुता येऊ शकते.

आपल्या गिटारवादकाने खुल्या तारांचा मुद्दा काढलाच, तर त्याला सांगावे की काळी चारसाठी चौथ्या फ्रेटवरचा कापो हा एकमेव उपाय नाही. कापो पहिल्या फ्रेटवर लावून जी कॉर्डचे आकार धरले तरी हीच पट्टी मिळते आणि जाड तारांचा नाद बऱ्याच अंशी टिकतो. आमच्या अंतिम मुद्रणात दादाने तसेच वाजवले आहे. चाल पांढरी तीनमध्येच अधिक खुलत होती, असे तो आजही म्हणतो. मला ते मान्य नाही, आणि वहिनींनी तर तो मुखडा पुन्हा त्या पट्टीत कधीच गायलेला नाही.