चक्री धरणारीच्या हाती पतंग

प्रश्न : ताई, मी साकोली तालुक्यातली, वय 21. पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी पतंगाच्या जोरावर पाण्यावरून धावणाऱ्या बाया मोबाईलवर पाहिल्या, तेव्हापासून काइटसर्फिंग डोक्यातून जात नाही. भाऊ म्हणतो, तुझ्या दंडात तेवढी ताकद नाही. आई विचारते, कपडे कोणते घालशील? गावाला मोठा तलाव आहे. तिथेच शिकता येईल का?

उत्तर : पोरी, आधी भावाचं. पतंगाची ओढ दंडावर येतच नाही. कमरेला हार्नेस, म्हणजे रुंद पट्टा असतो. सगळा ताण त्याच्या हुकावर. हातातल्या दांडीने पतंग वळवायचा, आणि दांडी पुढे सोडली की जोर उतरतो. संक्रांतीला ढील देतो ना, तसंच. 2024 मध्ये हा खेळ ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आला, तेव्हाच बायांची शर्यतही होती. मार्सेच्या समुद्रात ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिजने सुवर्ण जिंकलं.

अडतं ते मापावर. मी शिकायला गेले तेव्हा 48 किलोची होते. शिकवणाऱ्याकडे हार्नेस पुरुषांच्या मापाचा, तो बरगड्यांपर्यंत सरकला. पतंग 12 चौरस मीटरचा. त्या वाऱ्यात मला 7 चा पुरला असता. दोन रात्री कूस बदलता आली नाही, आणि मी समजले की आपल्याच्याने हे होत नाही. एक वर्ष त्यात गेलं. तू फोनवरच विचार : माझ्या वजनाचा पतंग आहे का, बाईच्या मापाचा हार्नेस आहे का? नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

वाऱ्याचं तुला शिकवावं लागणार नाही. धान उफणताना आई वारा पाठीवर घेऊन उभी राहते, किनाऱ्यावरचा पहिला धडा तोच. पतंग थेट डोक्यावर असला की शांत असतो, समोर खाली आला की खेचतो.

तलावात मात्र उतरू नको. टेकड्यांवरून वारा झटक्याझटक्याने येतो, पाण्याखाली खोडं असतात, काठाला विजेच्या तारा. धान निघाल्यावर मोकळ्या बांधीत, तारांपासून लांब, 2 मीटरचा सरावाचा पतंग उडव. आणि पोहणं शीक. आपल्याकडे पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत उडी घेतात, पोरी काठावर धुणं धुतात. मी 29 व्या वर्षी शिकले, मामाच्या गावच्या एका धीवर काकूंकडून.

मग रामेश्वरम-मंडपमकडे जा. तिथं कमरेइतकं उथळ पाणी आहे. उन्हाळ्यात दक्षिणेचा वारा, हिवाळ्यात उत्तरेचा. साधारण 10-12 तासांच्या शिकवणीत बोर्डावर, म्हणजे पायाखालच्या फळीवर, उभं राहता येतं. आईला सांग, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि घोट्यापर्यंत लेगिंग चालते. उन्हामुळे पुरुषही तेच घालतात. दुसऱ्या खेपेला माझी आजी सोबत आली होती. सकाळी देवळातल्या 22 तीर्थांची स्नानं केली आणि दुपारभर डोक्यावर पदर घेऊन वाळूत बसून माझा पतंग बघत राहिली.

एकटी जाऊ नको. पतंग उचलून द्यायला दुसरं माणूस लागतंच. आमच्या घरी संक्रांतीला भाऊ उडवायचा, मी चक्री धरायची. 15 वर्षं तेच. इथे आलटून-पालटून चालतं : एकदा मैत्रिणीने धरायचा, तू उडवायचा, मग तू धरायचा. गावातली एखादी सोबत घे. दोघींना पाठीवर 10 मिनिटं तरंगता आलं की मला लिहा, कोणत्या महिन्यात निघायचं ते ठरवू.