जेसन तपासताना मोठ्या फाईलवरच स्टॅकओव्हरफ्लोएरर का येतो?

तुमची अडचण मला समजली ती अशी: जावातला जेसन स्कीमा व्हॅलिडेटर (जेसन डेटा ठरलेल्या नियमांत, म्हणजे स्कीमात, बसतो का ते तपासणारा) बारक्या फाईलींवर नीट चालतो, मोठ्या फाईलवर पडतो. तीच फाईल लॅपटॉपवर पास होते, सर्व्हरवर नाही. मेमरी ४ जीबी करूनही उपयोग झाला नाही.

तो होणारच नव्हता. तुम्ही वाढवलीत ती हीप, म्हणजे डेटा ठेवायची सामाईक मेमरी. एकातून एक बोलावलेल्या फंक्शनांची नोंद ठेवणारा स्टॅक वेगळा असतो, प्रत्येक थ्रेडचा स्वतःचा. ६४ बिट (एक्स६४) लिनक्सवर जावा तो मुळात १ एमबीचा देते. आमच्याकडे सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवं (जमिनीत खणलेली खोल कोठारं) आहेत. पेवात शेवटी ओतलेली हळद आधी निघते, स्टॅकचंही तसंच. आणि गावभर नवी गोदामं बांधली म्हणून पेव काही खोल होत नाही.

आता ट्रेस, म्हणजे एररसोबत छापली जाणारी फंक्शनांची यादी, बघा. वरची ओळ सोडून द्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळींचा गठ्ठा शोधा. जावा मुळात १०२४ च ओळी छापते, त्यामुळे सुरुवात कुठून झाली ते बऱ्याचदा दिसतच नाही. 'मॅक्सजावास्टॅकट्रेसडेप्थ' हा जावाचा पर्याय वाढवला की दिसतं.

गठ्ठ्यात पॅटर्न, लूप, ग्रुपटेल, ब्रँच अशी नावं असतील तर चोर रेगेक्समध्ये (मजकुराचा साचा तपासणाऱ्या पॅटर्नमध्ये) आहे. माझ्याबाबतीत तेच झालं होतं. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) आम्ही जेसनमध्ये घेतो. तीन महिने सुरळीत चाललं, मग एका संध्याकाळी सगळं ठप्प. वक्कलं (मालाचे लॉट) नेहमीएवढीच, पोती तेवढीच. मी फाईल अर्धी-अर्धी करत गेलो तेव्हा एकच पट्टी उरली: दिवाणजींनी शेऱ्याच्या रकान्यात अख्ख्या दिवसाचे आकडे सलग चिकटवले होते. त्या रकान्याला आमचा पॅटर्न होता

([अ-ह]|[०-९]|[ ,.])*

कंसातल्या पर्यायांवर तारा दिला की जावाचं रेगेक्स प्रत्येक फेरीला स्टॅकवर आणखी खाली उतरतं. अक्षरं जितकी, खोली तितकी. हेच एका चौकटी कंसात लिहिलं की साध्या लूपने चालतं:

[ऀ-ॿ ,.]*

(अ ते ह मध्ये काना, मात्रा, वेलांटी येत नाहीत, त्या ह च्या पुढे आहेत, आणि अनुस्वार तर अ च्याही आधी. म्हणून पूर्ण देवनागरी पट्टा घेतला. आमचा जुना पॅटर्न त्या अर्थानेही चुकीचाच होता. तो शेरा लिहिणारे दिवाणजी आजवर आकडे आणि 'नग' एवढंच लिहायचे, म्हणून खपलं.) स्कीमात कमाल लांबी घालून भागेल असं समजू नका. व्हॅलिडेटर आधी पॅटर्न तपासू शकतो. लांबी तपासायची ती व्हॅलिडेटरकडे देण्याआधी.

गठ्ठ्यात रेगेक्सऐवजी व्हॅलिडेटरचीच नावं असतील तर स्कीमातले रेफ (स्कीमाच्या दुसऱ्या भागाकडे बोट दाखवणारे संदर्भ) बघा. शाखेत उपशाखा, तिच्यात पुन्हा उपशाखा, असा स्वतःकडे वळणारा रेफ चालतो, कारण प्रत्येक वेळी डेटात एक पायरी खाली जाणं होतं. 'क' थेट 'ख' कडे आणि 'ख' थेट 'क' कडे बोट दाखवत असेल तर मात्र अंत नाही. ओळखायची सोपी युक्ती: 'एक्सएसएस' पर्यायाने स्टॅक दुप्पट करा. दुप्पट मोठा मजकूर पचला तर प्रश्न खोलीचा. बारक्या फाईलवरही तसंच पडलं तर फेरा अनंत आहे, कितीही स्टॅक द्या.

लॅपटॉप आणि सर्व्हरमधला फरक फार मनावर घेऊ नका. सर्व्हरवर तुमचा कोड चालू होईपर्यंत फ्रेमवर्कनेच बराच स्टॅक वापरलेला असतो, शिवाय जेआयटीने (चालू असतानाच कोड कंपाइल करणाऱ्या जावाच्या भागाने) कोड कंपाइल झाला की फ्रेमचं, म्हणजे स्टॅकवरच्या एकेका नोंदीचं, मापही बदलतं. खोल डेटा खरोखरच लागत असेल तर सगळ्या थ्रेडचा स्टॅक वाढवू नका. तपासणीपुरता वेगळा थ्रेड काढा, त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये आकार देता येतो.

एवढं करूनही सुटलं नाही तर ट्रेसमधल्या त्या गठ्ठ्याच्या सात-आठ ओळी आणि रकान्याचा पॅटर्न प्रश्नात घाला, बघतो.