एका प्रोसेसवर बरोबर, चार प्रोसेसवर चूक: मूल्यांचा क्रम तपासा

आपली अडचण थोडक्यात अशी: १०२४ × १०२४ खान्यांच्या चौरस पत्र्यावरील स्थिर तापमान आपण हायप्रे या मोठ्या समीकरणप्रणाली सोडवणाऱ्या लायब्ररीच्या स्ट्रक्ट (नियमित ग्रिडसाठीच्या) इंटरफेसमधून काढता, उष्णतेचा स्रोत मध्यापासून बाजूला आहे, एका प्रोसेसवर (प्रोग्रामच्या एकाच चालू प्रतीवर) उत्तर बरोबर येते, पण २ × २ अशा चार प्रोसेसवर रेसिड्यूअल (समीकरणांत उरलेली तफावत) व्यवस्थित खाली येऊनही ठोकळ्यांच्या, म्हणजे प्रत्येक प्रोसेसच्या वाट्याला आलेल्या भागांच्या, सीमेवर चित्र तुटते. सॉल्व्हर (समीकरणे सोडवण्याची पद्धत) बदलून पाहण्यात वेळ घालवू नये. रेसिड्यूअल खाली आले, म्हणजे दिलेली समीकरणप्रणाली सुटली. ती आपल्याला अभिप्रेत असलेली नव्हती, इतकेच.

आपल्या कोडमध्ये आडवा निर्देशांक बाहेरच्या लूपमध्ये आणि उभा आतल्या लूपमध्ये आहे. हायप्रेला मात्र ठोकळ्याची मूल्ये देताना पहिला, म्हणजे आडवा, निर्देशांक सर्वांत वेगाने बदललेला हवा असतो. चाळीतील खोल्यांचे क्रमांक गॅलरीने चालत टाकायचे असताना आपण ते जिन्याने चढत टाकले आहेत. एका प्रोसेसवर अख्खा चौरस कर्णाभोवती उलटतो. वाहकता सर्वत्र सारखी, चारही कडांचे तापमान एकच आणि दोन्ही दिशांचे अंतर समान असल्याने समीकरणाला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि उत्तर वाचतानाही तोच लूप वापरल्यामुळे चित्र पुन्हा सुलट होते. चार प्रोसेसवर प्रत्येक ५१२ × ५१२ ठोकळा जागच्या जागी उलटतो, शेजारी मात्र तेच राहतात. विद्यार्थिदशेत याच चुकीपायी मी एमपीआयच्या (प्रोसेसमध्ये संदेश पोचवणाऱ्या यंत्रणेच्या) संदेशांना दोष देत कित्येक रात्री वाया घालवल्या आहेत.

चाचणीसाठी चौरस ग्रिड कधीही घेऊ नये. ६ × ४ चे ग्रिड दोन प्रोसेसवर घ्या: एकाकडे (०,०) ते (२,३), दुसऱ्याकडे (३,०) ते (५,३), दोन्ही टोके ठोकळ्यात धरलेली असतात, हेही लक्षात असू द्या. समीकरणांच्या उजव्या बाजूच्या व्हेक्टरमध्ये आडवा निर्देशांक गुणिले १०० अधिक उभा निर्देशांक भरून तो फाइलमध्ये छापा. (४,१) या खान्यात ४०१ हवे. आपल्या सध्याच्या लूपने तेथे ४०० निघेल.

मॅट्रिक्स भरतानाही खान्यांचा क्रम हाच ठेवावा, आणि प्रत्येक खान्याचे पाचही स्टेन्सिल गुणांक (तो खाना आणि त्याचे चार शेजारी यांचे) सलग द्यावेत. सध्या गुणांक सर्वत्र सारखे असल्याने येथील चूक झाकली जाते. वाहकता जागोजागी बदलू लागली की ती एका प्रोसेसवरही उघडी पडेल. कडेबाहेर जाणारे गुणांक शून्य करून कडेचे तापमान आपण उजव्या बाजूला नेले आहे, ते योग्यच आहे. त्या भागाला हात लावू नये.